औषधी अळिंबी : परंपरा, संशोधन आणि शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

अळिंबी लागवडीच्या प्रशिक्षणाला येणारे अनेक शेतकरी हल्ली धिंगरीपेक्षा औषधी अळिंबीविषयी अधिक विचारतात. "रेशीला भाव काय मिळतो?", "कॉर्डिसेप्सची खोली उभारली तर कंपनी माल परत घेईल का?" आणि बहुधा शेवटी, जरा खालच्या आवाजात, "घरात कर्करोगाचा रुग्ण आहे. त्याला ही अळिंबी दिली तर चालेल का?"

या प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. परंपरेने सांगितलेले गुण, प्रयोगशाळेत दिसून आलेले गुण आणि माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले गुण या त्या तीन गोष्टी होत. जाहिरातीत त्या एकत्र केल्या जातात आणि तेथेच शेतकऱ्याची व रुग्णाची फसगत होते.

परंपरागत उपयोग

अळिंबीचा औषधी वापर फार जुना आहे. सन १९९१ मध्ये ऑस्ट्रिया व इटलीच्या सीमेवर आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. त्याच्याजवळ बर्च झाडावर वाढणाऱ्या अळिंबीचे दोन तुकडे चामड्याच्या पट्टीत ओवलेले होते. ते औषधासाठी असावेत असा संशोधकांचा तर्क आहे. चीनमध्ये 'लिंगझी' व जपानमध्ये 'रेशी' या नावाने ओळखली जाणारी गॅनोडर्मा अळिंबी शेकडो वर्षे काढ्यात वापरली जात आहे. ती लाकडासारखी कठीण व अतिशय कडू असल्याने तिची भाजी होत नाही.

आपल्याकडेही अशी परंपरा आहे. पश्चिम घाट परिसरात जुन्या फणसाच्या खोडावर कठीण, तपकिरी रंगाची अळिंबी येते. तिला 'फणसोंबा' म्हणतात. ती फेलिनस या गटातील आहे. लहान मुलांची लाळ फार गळत असल्यास किंवा तोंड आले असल्यास वैद्य फणसोंब्याचा लेप हिरड्यांना लावतात. जुलाब व आव यांवरही तो दिला जातो. मात्र हे सर्व अनुभवाचे ज्ञान आहे. त्यावरून संशोधनाला दिशा मिळते, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही.

संशोधन काय सांगते?

अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकॅन नावाचे पिष्टमय घटक असतात. आपल्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी हे घटक ओळखतात व अधिक क्रियाशील होतात. प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसून आले आहे.

या संशोधनात जपान आघाडीवर होता. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या अळिंबीपासून तयार केलेल्या पीएसके या औषधाला तेथे १९७७ मध्ये, तर शिताके अळिंबीतील लेंटिनानला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिली जात होती, त्या उपचारांऐवजी नव्हे. पुढे ती तेथील बाजारातून बंद झाली. शिवाय लेंटिनान हे शुद्ध केलेले द्रव्य असून ते इंजेक्शनवाटे दिले जाई. शिताकेची भाजी खाल्ली म्हणजे लेंटिनान घेतले असे होत नाही.

रेशीचा सर्वाधिक गाजावाजा होतो. माणसांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये रेशीच्या पाच चाचण्या पाहिल्या. त्यांत एकूण ३९८ व्यक्ती होत्या व बहुतेकांना मधुमेह होता. रेशीमुळे रक्तातील साखर कमी होते, याला आधार मिळाला नाही. कर्करोगाविषयी २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत रेशी हा मुख्य उपचार म्हणून वापरण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे आढळले. केमोथेरपी वा किरणोपचारासोबत काही फायदा संभवतो, परंतु त्या चाचण्या लहान व सदोष होत्या.

म्हणून रुग्णाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. चालू उपचार बंद करून अळिंबी देऊ नये. जोडीला द्यावयाची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रेशीच्या पावडरीनंतर यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

आपल्या हाती असलेला एक गुण

धिंगरी, बटन यांसारख्या साध्या अळिंबीतही एक उत्तम गुण आहे आणि तो प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. अळिंबीत एर्गोस्टेरॉल असते. त्यावर सूर्याची अतिनील किरणे पडली की त्याचे 'ड' जीवनसत्त्व तयार होते. अंधाऱ्या खोलीत वाढविलेल्या अळिंबीत ते अत्यल्प असते. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे.

१. ताजी अळिंबी काढल्यावर कापून स्वच्छ कापडावर पातळ पसरावी.
२. छत्रीखालील पापुद्र्यांची बाजू वर ठेवावी.
३. दुपारचे थेट ऊन एक ते दोन तास द्यावे. काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही.
४. त्यानंतर अळिंबी पूर्ण वाळवून हवाबंद पिशवीत भरावी.

ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असल्याने दहा किलोपासून साधारण एक किलो वाळलेला माल मिळतो, हे भाव ठरविताना लक्षात घ्यावे.

लागवड करताना

धिंगरीसाठी भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भिजवून ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवले तरी काम भागते. रेशीचे तसे नाही. रुंद पानांच्या झाडांचा लाकडी भुसा व २० टक्के गव्हाचा कोंडा भरलेल्या पिशव्या दाबाच्या वाफेने पूर्ण निर्जंतुक कराव्या लागतात. त्यानंतर २८ ते ३० अंश तापमान, भरपूर आर्द्रता आणि काही महिन्यांची राखण लागते. कॉर्डिसेप्सला तर वातानुकूलित प्रयोगशाळेसारखीच खोली हवी. हिमालयात अळीवर उगवणारी 'कीडा जडी' आणि खोलीत तांदळावर वाढविलेली कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीच्या भावाने दुसरीचा हिशेब मांडू नये.

कोकणातील बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नारळाच्या बुंध्यातून तांबूस-तपकिरी चीक वाहून झाड खंगते व पुढे बुंध्यावर कठीण छत्र्या येतात. हा रोग गॅनोडर्मा या बुरशीमुळेच होतो. सुपारीलाही ती सोडत नाही. त्यामुळे रेशीच्या वापरलेल्या पिशव्या नारळ-सुपारीच्या आळ्यात किंवा खतात कच्च्या टाकू नयेत. त्या पुन्हा वाफवून किंवा जाळून नष्ट कराव्यात.

माल परत घेण्याच्या करारावर विसंबून कर्ज काढू नये. बियाणे व यंत्रे विकणाराच मालाचा एकमेव गिऱ्हाईक असेल, तर सावध व्हावे. मालाचा दर्जा कोणत्या प्रयोगशाळेत तपासला जाईल, माल नाकारल्यास नुकसान कोणाचे आणि दुसरा खरेदीदार कोण, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विक्री व कायदा

खाद्यपदार्थ म्हणून अळिंबी विकताना अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा. पाकिटावर "कर्करोग बरा होतो", "मधुमेह जातो" असे छापू नये. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. अळिंबीतील प्रथिने, तंतुमय पदार्थ व 'ड' जीवनसत्त्व यांविषयी तपासणी करून घेतलेली खरी माहिती द्यावी.

रानातील अळिंबी

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळिंबी जाणकार लोक पिढ्यान्पिढ्या खात आले आहेत. मात्र ओळख नसलेली कोणतीही छत्री औषधी समजून खाऊ नये. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे खातात ती चांगली, हे समज चुकीचे आहेत. काही अॅमॅनिटा जातींचे विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर दिसतात आणि मधल्या काळात उलट्या थांबून बरे वाटले, तरी यकृत निकामी होत असते. शंका येताच उरलेली अळिंबी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

थोडक्यात, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी धिंगरीच्या दोन-तीन पिकांवर हात बसवावा आणि जवळची बाजारपेठ पक्की करावी. नंतरच रेशीचा विचार करावा व तोही थोड्या पिशव्यांवर. सोलन येथील अळिंबी संशोधन संस्था तसेच पुणे कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्प येथे तांत्रिक माहिती मिळू शकते. अळिंबी हे चांगले अन्न आहे. ते अन्न म्हणून पिकवावे आणि अन्न म्हणूनच विकावे, यातच उत्पादकाचे व ग्राहकाचे हित आहे.