सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप घेताय? आधी पावसाळ्याचे दिवस मोजा



दर वर्षी आंब्याचा हंगाम संपत आला की आमच्या दुकानात एक ठरलेला प्रश्न येतो. "सर, एक जुनी फोर बाय फोर पिकअप बघितलीय. घेऊ का?" विचारणारा कुणी बागायतदाराचा मुलगा असतो, कुणी नर्सरीवाला, तर कुणी बांधकामाचं सामान पोचवणारा. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. गाडी नंतर बघू, आधी वही काढ.

असं का म्हणतो, ते सांगतो. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. माल पोचवायला मी पहिली पिकअप घेतली तेव्हा वही काढली नव्हती. चकचकीत रंग, नवीन सीट कव्हर, खाली चासीला ताजा काळा रंग. मी खूश! जुलैत पावसच्या बाजूला एका बागेत खोके उतरवून चढ चढताना फोर बाय फोरचा दांडा टाकला, तर पुढची चाकं फिरेचनात. मेस्त्रींनी गाडी वर घेतली आणि चासीवर स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो आत गेला! आधीच्या मालकाने गाडी मासळी आणि बर्फ वाहायला वापरली होती. दुरुस्तीला ८५ हजार गेले आणि गाडी तीन आठवडे उभी राहिली. बीबीएला डेप्रिसिएशन शिकलो होतो, पण ते खरं कळलं त्या दिवशी.

पहिला प्रश्न : फोर बाय फोर हवीच का?

कॅनडा-अमेरिकेत हीच चारही चाकं ओढणारी पिकअप पुढे लोखंडी पातं लावून अंगणातला बर्फ ढकलते. तिकडे बर्फ, आपल्याकडे चिखल. हिशेब मात्र तोच : वर्षातले किती दिवस ही ताकद खरंच लागणार?

आपल्याला वाटतं, आंब्यासाठी फोर बाय फोर हवी. पण नीट बघा. तोड होते मार्च ते मे. तेव्हा कातळ कोरडा, रस्ता कोरडा. चढ फार नसेल तर साधी टू व्हील पिकअप क्रेट घेऊन आरामात बाहेर येते. खरी अडचण येते जून ते सप्टेंबर. रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि बागेत खत न्यायचं, कलमं न्यायची, गवत काढायला माणसं न्यायची, ते सगळं तेव्हाच. लाल मातीची वाट लोण्यासारखी होते.

आता वही काढा. आकडे मी नमुन्याला घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा साधी गाडी साडेचार लाखांना आणि तशीच फोर बाय फोर पावणेसहा लाखांना मिळतेय. फरक सव्वा लाख. पाच वर्षांनी विकताना त्यातले ६० हजार परत आले, तर ६५ हजार गेले, म्हणजे वर्षाला १३ हजार. जादा देखभाल समजा ६ हजार. वर्षाला १२ हजार किलोमीटर चाललात आणि ॲव्हरेज १२ ऐवजी ११ पडलं, तर साधारण ९० लिटर डिझेल जादा, म्हणजे ८ हजार. एकूण वर्षाला २७ हजार.

दुसऱ्या बाजूला, गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवायचे दीड हजार आणि बुडालेल्या खेपेचे दोन हजार. एका रुतण्याचे साडेतीन हजार झाले. २७ हजार भागिले साडेतीन हजार, म्हणजे जवळपास आठ. वर्षातून आठपेक्षा जास्त वेळा रुतत असाल तर फोर बाय फोर घ्या. दोन-तीन वेळा रुतत असाल तर साधी घ्या आणि ट्रॅक्टरवाल्याशी संबंध चांगले ठेवा!

कुठली गाडी बघायची?

जुन्या बाजारात महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि बोलेरो पिकअप, टाटाची झेनॉन आणि योद्धा, इसुझूची व्ही-क्रॉस, महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे अशी नावं दिसतील. यातल्या बऱ्याच गाड्या टू व्हीलमध्येही आल्यात, त्यामुळे मागचा स्टिकर बघून फसू नका. खाली वाका. पुढच्या ॲक्सलला जाणारा दांडा आहे का, ते डोळ्यांनी बघा.

माझं मत विचाराल तर ऐटीपेक्षा मेस्त्री महत्त्वाचा. ज्या गाडीचा पार्ट तुमच्या तालुक्यात मिळतो आणि जी तुमचा मेस्त्री डोळे मिटून खोलतो, ती तुमची गाडी. आणि माणसं न्यायची असतील तर डबल केबिनच बघा. हौद्यात माणसं बसवणं नियमातही बसत नाही आणि जिवाशीही खेळ आहे.

गाडीखाली झोपा, मग किंमत बोला

१. गंज. किनाऱ्यावरच्या गाडीचा हा पहिला शत्रू. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळी वाहिलेल्या गाडीवर खारं पाणी सतत ठिबकलेलं असतं. चासी, पाट्यांचे हँगर, हौद्याचा तळ हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा नवीन वेल्डिंग दिसलं तर थांबा. ताज्या काळ्या रंगाचा तर आधी संशय घ्या. जमलं तर आंबा घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्याही बघा. तिकडे खारी हवा नाही. फक्त जादा लोड वाहून पाटे बसलेत का, ते तपासा.

२. फोर बाय फोरची परीक्षा. ही डांबरावर घेऊ नका. अशा पिकअपमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र जोडला जातो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण गिअर आणि दांड्यांवर येतो. म्हणून शेतात किंवा मऊ मातीत जा. आधी फोर हाय, मग गाडी थांबवून फोर लो टाका. चारही चाकं ओढतायत का, कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा. कडकड आवाज येतो का, दांडा आपोआप सुटतो का, हे बघा. काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवरचं लॉक हाताने फिरवावं लागतं. ते गंजून जाम झालेलं नाही ना, हेही पाहा.

३. गळती आणि टायर. ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलखाली ऑइल ठिबकतंय का? पुढच्या चाकांकडचे रबरी बूट फाटलेत का? चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर ताण परत गिअरवर.

४. इंजिन थंड असताना सुरू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे मोठा खर्च.

कागद म्हणजे अर्धी गाडी

आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, थकलेली चलनं हे सगळं एमपरिवहन ॲपवर आणि मूळ कागदांवर जुळवून बघा. चासी नंबर स्वतः वाचा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. आठ वर्षांवरच्या अशा गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. हे खर्च वहीत आधीच लिहा.

घेतल्यावर एक युक्ती

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, म्हणून चाक जागेवर फिरतं. बर्फाच्या देशात लोक हौद्यात वाळूच्या गोण्या टाकतात. आपण मागच्या ॲक्सलवर चार-पाच जांभ्याचे चिरे घट्ट बांधून ठेवायचे. टायर चांगले आणि मागे वजन, एवढ्यानेच कित्येकदा साधी गाडीही निघते. म्हणजे हा आठवडा हाच प्रयोग करून बघा. कदाचित सव्वा लाख वाचतील.

तुमचा गृहपाठ : मागच्या पावसाळ्यात गाडी किती वेळा रुतली, किती खेपा बुडाल्या, ते तारखेसकट लिहा. आठवत नसेल तर या पावसाळ्यात भाड्याने गाडी वापरा आणि नोंद ठेवा. धंद्यात गाडी हौसेने नाही, हिशेबाने घ्यायची. हौस नंतर गाडीच पुरवते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!