आभाळ भरून आलंय, आणि उडी टिपायचीय

परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीत काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, पावसाने विहिरी वर आल्या की पोरं पोहायला धावतात. कुणी सूर मारतं, कुणी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारतं. काठावर एखाद्याच्या हातात मोबाइल असतो, एखाद्याकडे लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतलेला कॅमेरा. फोटो मात्र बरेचदा फसतात. विहीर दिसते, कठडा दिसतो आणि उडी मारणाऱ्याच्या जागी नुसता फराटा उमटतो.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. तीनेक परस, म्हणजे पाच मीटर उंचीवरून पडणारा माणूस पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास दहा मीटर असतो. शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो आठ सेंटीमीटर खाली आलेला असतो. चेहरा ओळखू येणार कसा? १/१००० ला हे अंतर एक सेंटीमीटरवर येतं, १/१६०० ला सहा मिलिमीटरवर. उडणारे थेंब मोत्यासारखे सुटे दिसायला हवे असतील, तर १/२००० धरावा. उंच उसळी घेतलेला माणूस टोकाला पोचतो त्या क्षणी मात्र जवळजवळ स्थिर असतो. तो क्षण साधला तर १/५०० वरही भागतं.

आता उजेडाचा हिशेब. फिल्मच्या काळातल्या छायाचित्रकारांचा आडाखा असा, की लख्ख उन्हात आयएसओ १०० असेल, तर अॅपर्चर एफ/१६ आणि शटर साधारण १/१०० ठेवावं. गच्च आभाळात तीन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणजे आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे १/१०० ठेवायचं तर अॅपर्चर एफ/५.६ पर्यंत उघडावं लागतं. साध्या झूम लेन्सचं अॅपर्चर लांबच्या टोकाला बहुधा याहून जास्त उघडत नाही. मग १/१६०० साठी लागणारे उरलेले चार स्टॉप कुठून आणायचे? आयएसओमधून. २००, ४००, ८००, १६००. विहिरीच्या कठड्याखाली उजेड आणखी कमी, तिथे ३२०० किंवा ६४०० लागला तरी बिचकू नये.

नेमकं इथेच बहुतेक जण कचरतात. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून तो ४०० वर धरून ठेवतात आणि शटर मंदावू देतात. माझं मत पक्कं आहे: दाणे पत्करावेत, हललेला फोटो पत्करू नये. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निवळतात, छापल्यावर तर फारसे जाणवतही नाहीत. हललेला चेहरा मात्र पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर घ्यावा, शटर १/१६०० आणि अॅपर्चर सर्वांत उघडं ठेवावं, आयएसओ ऑटोवर सोडावा. लेन्सवर पोलरायझर असेल तर तो काढावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि झाकोळलेल्या दिवशी तेवढी चैन परवडत नाही.

ऑटोवर सोडलं तरी कॅमेऱ्याचं मीटर फसतं, कारण समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरूनच ते मोजमाप करतं. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं. टाटांच्या भिरा वीजप्रकल्पातून वीज तयार करून बाहेर पडलेलं पाणी या नदीत येतं आणि त्या प्रवाहावर राफ्ट सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे वर पांढरट आभाळ आणि खाली पांढरा फेस असतो. एवढं पांढरं बघून मीटर फोटो काळवंडून टाकतं आणि हेल्मेटखालचे चेहरे बुडतात. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन अधिक ०.७ ते अधिक १ द्यावं. विहिरीत नेमकं उलटं होतं. काळा दगड आणि काळं पाणी बघून मीटर फोटो उजळ करतं, आणि उसळलेल्या पाण्याचा तपशील जळून जातो. तिथे उणे ०.७ करावं. पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्राम बघावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल, तर पांढरं हातचं गेलं असं समजावं.

मोबाइलवाल्यांनी प्रो मोड उघडावा. बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर बदलत नाही, पण ते मुळातच बरंच उघडं असतं. त्यामुळे १/१००० मिळवायला आयएसओ फार चढवावा लागत नाही. एचडीआर बंद ठेवावं, कारण अनेक फ्रेम एकावर एक जोडताना पडणाऱ्या माणसाला चार-चार हात फुटतात. उडीची जागा आधीच ठरलेली असते, तेव्हा फोकस तिथे लॉक करून बर्स्ट सुरू करावा. आणि पोहणारं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय निव्वळ फोटोसाठी कुणाला उडी मारायला लावू नये.

श्रावणात आणखी एक भानगड असते. ढग फाटून अचानक ऊन पडलं की उजेड एका दमात आठपट होतो. आयएसओ हाताने १६०० वर ठेवला असेल, तर पुढचे सगळे फोटो पांढरेफटक येतात. ऑटोवर असेल तर तो आपसूक २०० वर उतरतो आणि शटर जिथल्या तिथे राहतं.