थंडावा मिळताच सुटणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत पेशी वाढवतात कशा? पारदर्शक प्लास्टिकची चपटी बशी घेतात, तीत पोषक द्रव ओततात, त्यात पेशी सोडतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला ठेवतात. त्वचेच्या किंवा स्नायूंच्या पेशी काही तासांत बशीच्या तळाला चिकटतात, पसरतात आणि त्यांचे विभाजन सुरू होते. खरी अडचण येते ती पुढे. वाढलेल्या पेशी तळापासून सोडवायच्या कशा?

रूढ उपाय ट्रिप्सिनचा. ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात प्रथिनांचे पचन करणारे विकर. ते बशीत घातले की पेशींना तळाशी बांधून ठेवणारी प्रथिने तुटतात आणि पेशी सुटतात. पण त्याबरोबर पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिनेही तुटतात. चादर उचलायला जावे आणि हाती सुटे धागे यावेत, तसा हा प्रकार! अनेक प्रयोगांना सुट्या पेशी चालतात. मात्र रुग्णाच्या डोळ्यावर लावण्यासाठी पेशींचा अखंड पापुद्रा हवा असेल, तर हा उपाय उपयोगी पडत नाही.

दुसरा मार्ग शोधण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पेशी प्लास्टिकला थेट चिकटत नाही. पोषक द्रवात सहसा प्राण्यांच्या रक्तापासून मिळवलेला सीरम मिसळलेला असतो. त्यातील प्रथिनांचे रेणू पेशींच्या आधीच तळावर जाऊन बसतात. पदार्थाचे रेणू असे पृष्ठभागावर जमा होण्याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. फळ्यावर खडूची भुकटी बसते ते अधिशोषणासारखे. या प्रथिनांपैकी फायब्रोनेक्टिनसारखी काही प्रथिने पेशीला ओळखीची असतात. पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन नावाची प्रथिने त्यांना पकडतात. थोडक्यात, पेशी उभी असते ती प्रथिनांच्या सतरंजीवर. मग पेशीऐवजी या सतरंजीचीच पकड ढिली करता आली तर?

त्यासाठी उपयोगी पडले पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड हे बहुवारिक. नाव लांबलचक असले तरी त्याचा स्वभाव समजायला सोपा आहे. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. हा पदार्थ मात्र थंड पाण्यात विरघळतो आणि सुमारे ३२ अंशांच्या वर पाण्यातून वेगळा होऊन द्रावण दुधाळ करतो. पुन्हा थंड केले की द्रावण पूर्ववत नितळ! अंड्याचा बलक किंवा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा कच्चा होत नाही. इथे मात्र बदल हवा तितक्या वेळा उलटवता येतो.

असे का होते? या साखळीवरील अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. शेजारचे आयसोप्रोपिल गट तेलासारखे, पाणी टाळणारे असतात. त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रांगा धरतात. थंडीत ही व्यवस्था टिकते आणि साखळी पाणी धरून पसरते. तापमान वाढले की पाण्याचे रेणू रांगा मोडून मोकळे होतात आणि साखळ्या आक्रसून एकमेकींना बिलगतात. पाणी धरणारा पृष्ठभाग पाणी टाळणारा बनतो.

जपानमधील तेरुओ ओकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्वभावाचा उपयोग करून घेतला. त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोताने या बहुवारिकाचा पातळ थर पॉलिस्टायरीनच्या बशीवर पक्का बसवला आणि १९९० मध्ये या बशीतील प्रयोग प्रसिद्ध केले. ३७ अंशांना थर आक्रसलेला असतो. प्रथिने त्यावर बसतात आणि पेशी वाढतात. बशी २० अंशांच्या आसपास आणली की थर पाणी घेतो आणि पेशी सुटतात. विकराची गरजच उरत नाही.

थराची जाडी इथे फार महत्त्वाची ठरते. पॉलिस्टायरीनवर तो सुमारे १५ ते २० नॅनोमीटर जाडीचा असेल तर युक्ती साधते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जाडी ३० नॅनोमीटरच्या जवळ गेली की ३७ अंशांनाही पेशी चिकटत नाहीत. तळालगतच्या साखळ्या प्लास्टिकने जखडलेल्या असतात. जाड थराच्या वरच्या साखळ्या मात्र मोकळ्या राहून पाणी धरून ठेवतात. अशा ओलसर, हलत्या थरावर प्रथिने फारशी बसत नाहीत, आणि प्रथिने नाहीत तर पेशीही नाहीत.

आता एक नवलाची गोष्ट. थंड केल्यावर प्रथिने आपोआप सुटतात आणि त्यांच्याबरोबर पेशीही, असे आपल्याला वाटेल. पण बशीवर नुसते फायब्रोनेक्टिन बसवून ती थंड केली, तर ते बहुतांशी जागीच राहते. वर पेशी असतील तरच ते त्यांच्याबरोबर निघून येते. शिवाय पेशींची ऊर्जानिर्मिती सोडियम अझाइडने रोखली, तर पेशींचे सुटणेही मंदावते. म्हणजे हे काम दोन टप्प्यांत होते. थंडाव्याने पृष्ठभागाची पकड ढिली होते; मग पेशी आपल्या अंतर्गत सांगाड्याच्या बळावर आक्रसते आणि पायाखालची सतरंजी स्वतःच ओढून घेते. म्हणूनच बशी फार थंड करूनही चालत नाही, कारण पेशीच सुस्तावते.

या ओढून आणलेल्या प्रथिनांचे मोल मोठे आहे. दुधावरची साय उचलावी तसा पेशींचा सलग पापुद्रा निघतो आणि त्याच्या खालच्या बाजूस निसर्गाचा डिंक तयारच असतो. ओसाका विद्यापीठातील कोजी निशिदा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चार रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांतील पारपटलाच्या मूळ पेशी नष्ट झाल्या होत्या. त्यांच्याच तोंडातील अस्तराचा लहानसा तुकडा घेऊन, त्यातील पेशींचा पापुद्रा वाढवून तो डोळ्यावर ठेवला गेला. एकही टाका घालावा लागला नाही. चौघांचीही दृष्टी सुधारली.

प्रत्येक ठिकाणी असे यश आले नाही. मांडीच्या स्नायूपेशींचा पापुद्रा दुबळ्या हृदयावर लावण्याच्या उपचाराला जपानने २०१५ मध्ये सशर्त मान्यता दिली होती. परंतु परिणामकारकता पुरेशी सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याला कायम मान्यता देणे उचित नाही, असा निर्णय दिला. पापुद्रा अखंड उचलता येणे हा एक प्रश्न आणि त्याने अवयव बरा होणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळाले असे होत नाही.

वर्गात पृष्ठभागावरील क्रिया, हायड्रोजन बंध आणि पेशीरचना हे धडे आपण वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. या एका बशीत ते तिन्ही एकत्र आले आहेत. विद्यार्थ्यांना एवढेच विचारून पाहावे: बशी ४ अंशांपर्यंत थंड केली तर पेशी लवकर सुटतील की उशिरा, आणि का? कारण सांगताना त्यांना हे तिन्ही धडे आठवावे लागतील.