अनुसूचीत नसलेली माणसं

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 सालचा. त्याला जोडलेली अनुसूची वाचायला फारसा वेळ लागत नाही. पण शाळा म्हणजे काय, याबद्दल आपल्या सरकारांची समजूत तीत लख्ख दिसते. किती मुलांमागे किती शिक्षक, हे तीत आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस, शिक्षकाचे आठवड्याला 45 तास, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय, खेळाचं साहित्य, सगळं आहे. स्वच्छतागृह धुणार कोण, टाकी भरणार कोण, खिचडी शिजवणार कोण, पुस्तकांची नोंद ठेवणार कोण, बाईंना वर्ग सोडता येत नसताना पोट दुखणाऱ्या मुलीला घरी पोचवणार कोण, एवढं मात्र नाही. शिपाई, लिपिक, ग्रंथपाल, स्वयंपाकी, मदतनीस यांतल्या एकाचंही नाव त्या यादीत नाही. शिक्षकेतरांच्या पगाराचा प्रश्न महाराष्ट्रात वर्षानुवर्षं निघतो आहे. मोर्चे येतात, निवेदनं स्वीकारली जातात, आश्वासनं मिळतात. तो पगाराचा प्रश्न आहेच. पण पगार इतका कमी का आणि वीस वर्षं काम करूनही माणूस जागचा हलत का नाही, याचं उत्तर पगारपत्रकात सापडत नाही. काम शाळेचं मानलं, ते करणारं पद मात्र शाळेचं मानलं नाही, हे त्याचं मूळ आहे.

अनुदानित माध्यमिक शाळांत अशी पदं होती आणि अजून काही टिकून आहेत. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांनी शिक्षकांबरोबर शिक्षकेतरांनाही संरक्षण दिलं. रीतसर नेमणूक, सेवाज्येष्ठता, रजा, चौकशीशिवाय बडतर्फी नाही, हे सगळं त्यात आलं. सातव्या वेतन आयोगानंतर राज्याच्या वेतनस्तरांत शिपाई एस-1 वर आहे, म्हणजे मूळ वेतन 15,000 पासून. कनिष्ठ लिपिक एस-6 वर, 19,900 पासून. महागाई भत्ता धरला तर आज पहिल्याच पायरीवरच्या शिपायाचा पगारही 23,000 च्या वर जातो. अडचण अशी, की ही पायरी चढायला नवा माणूसच घ्यायचा नाही असं ठरलेलं आहे. 28 जानेवारी 2019 च्या शासन निर्णयाने लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांचा नवा आकृतिबंध लावला आणि चतुर्थश्रेणीचं घोंगडं भिजत ठेवलं. ते 11 डिसेंबर 2020 ला उचललं गेलं. शिपाई, नाईक, पहारेकरी, सफाईगार, प्रयोगशाळा परिचर यांपैकी जो निवृत्त होईल त्याच्याबरोबर त्याचं पदही संपेल आणि त्याऐवजी शाळेला दरमहा ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळेल, असं त्या निर्णयाने ठरलं. ग्रामीण भागात हा भत्ता महिना 5,000 रुपये. घंटा, किल्ल्या, पाणी, झाडलोट, बँकेची आणि पंचायत समितीची ये-जा, बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाकांवर बैठक क्रमांक घालणं, यातलं एकही काम त्या निर्णयाने कमी केलेलं नाही.

जे पदावर आहेत त्यांची बढतीची वाटही अरुंदच. दहावी झालेला आणि टंकलेखनाची परीक्षा दिलेला शिपाई कनिष्ठ लिपिक किंवा प्रयोगशाळा सहायक होऊ शकतो. लिपिकाला पुढे वरिष्ठ आणि मुख्य लिपिक होता येतं. पण ज्येष्ठता यादी संस्थेची असते. रयत शिक्षण संस्थेसारख्या शेकडो शाखांच्या संस्थेत कुठे ना कुठे जागा रिकामी होते. एकाच गावात एकच शाळा चालवणाऱ्या संस्थेत वरचा लिपिक निवृत्त होईपर्यंत खालच्याने वाट पाहायची आणि तो निवृत्त झाल्यावर पटसंख्येअभावी ते पद राहिलं आहे का, हे पाहायचं. शिक्षकाला बढती मिळाली नाही तरी 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी असते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 10, 20 आणि 30 वर्षांच्या टप्प्यांची सुधारित आश्वासित प्रगती योजना 1 जानेवारी 2016 पासून लागू झाली. शाळांतल्या शिक्षकेतरांना तीच मागण्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं घेऊन फिरावं लागलं. आणि हे काम काही दुय्यम नाही. लिपिकाने जनरल रजिस्टरमध्ये केलेली जातीची आणि जन्मतारखेची नोंद पन्नास वर्षांनी नातवाच्या जात पडताळणीत पुरावा म्हणून उभी राहते. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरंही चाळली गेली. ती रजिस्टरं कोणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिली होती, वाळवीपासून जपली होती. त्या कोणाचं नाव कुठल्या अहवालात आलं नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हा प्रश्न सुरूच होत नाही, कारण तिथे ना शिपायाचं पद आहे ना लिपिकाचं. कुलूप गुरुजी उघडतात, पटांगण मुलं झाडतात, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांची माहिती बाई मोबाइलवर भरतात. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे 2,500 रुपये वर्षाचे, महिन्याला साधारण 208. एवढ्यात फिनेल, झाडू आणि ब्रश येतील. हात येणार नाहीत. मग ते हात गुरुजींचे असतात, किंवा पोरांचे, आणि पोरांत कोणाचे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामाला लावायला बंदी केली आहे. शाळेतलंच अशैक्षणिक काम मात्र त्या बंदीत बसत नाही, कारण ते करायला दुसरं कोणी आहे, असं गृहीत धरलं गेलं असावं.

सगळ्यांत तळाशी आहेत आहार शिजवणाऱ्या बाया. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल 2004 मध्ये स्वयंपाकाच्या नेमणुकीत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. केंद्राने डिसेंबर 2009 पासून त्यांचं मानधन महिना 1,000 रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. योजनेचं नाव 2021 मध्ये पीएम पोषण झालं, आकडा तोच राहिला. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून 2023 मध्ये तो 2,500 वर नेला. या रकमेचं वजन बघायचं तर रोजगार हमीचा दर शेजारी ठेवावा. 2025-26 साठी तो महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये आहे. आठ दिवस माती उचलली की 2,496 होतात. नोकरीचीही शाश्वती नाही, कारण संख्या पटावर ठरते: 25 मुलांपर्यंत एक, 26 ते 100 पर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक. ऊसतोडीला गेलेल्या एखाद्या कुटुंबाने मुलाचं नाव काढलं आणि पट 26 वरून 25 झाला, की दोघींपैकी एकीचं मानधन थांबू शकतं. भात, डाळ, चूल आणि घासायची पातेली मात्र तितकीच राहतात.

यावर नेहमीचं उत्तर असतं की हे अर्धवेळ काम आहे, मानसेवी आहे, त्याला पगाराचं माप लावू नये. बरं, अर्धवेळच धरू. महिन्याचे 24 दिवस मोजले तर दिवसाला 104 रुपये पडतात. रोजगार हमीच्या दराचे निम्मे 156. तांदूळ निवडणं, पाणी भरणं, शिजवणं, वाढणं, भांडी आणि शेवटी शेडची सफाई एवढं सगळं जमेस धरलं तर ‘अर्धवेळ’ हा शब्द बसतो का, हा वेगळाच प्रश्न. कायद्याच्या बाजूनेही हा युक्तिवाद लंगडा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेलं काम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं. तोच धागा धरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये शाळेतल्या स्वयंपाकिणीच्या 1,000 रुपयांना वेठबिगारी ठरवलं. त्याआधी 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली.

मग पर्याय काय, असं विचारणाऱ्यांनी शेजारच्या अंगणवाडीत डोकवावं. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अंगणवाडी सेविकेचं मानधन 13,000 आणि मदतनिसाचं 7,500 झालं, शिवाय प्रोत्साहन भत्ता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दोघींना 1972 च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळायला हवी असा निकाल दिला. याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना वर जायला जागा आहे. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांतून भरायची, आणि पर्यवेक्षिकांची निम्मी पदं तशाच अनुभवी सेविकांतून. मानधनातली वाढ आपोआप झाली नाही. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 चा लांबलेला संप त्यामागे आहे. पण संप करायलाही आधी एक खातं, एक नाव आणि गावागणिक ठरलेली जागा लागते. पाच वर्षांचं मूल अंगणवाडीत असतं तोवर त्याच्यामागे 7,500 ची मदतनीस असते. तेच मूल पहिलीत आलं की त्याच्या ताटामागे 2,500 ची बाई. एका वर्षात मूल बदलत नाही, फक्त खातं बदलतं. तामिळनाडूने 1982 पासूनच्या आपल्या सत्तुणवु योजनेत संयोजक, स्वयंपाकी आणि सहायक अशी उतरंड करून त्यांना विशेष वेतनश्रेणी दिली. ती फार उदार आहे असं कोणी म्हणणार नाही, पण ती श्रेणी आहे. तीत वर्षं मोजली जातात.

पैशाचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. शालेय शिक्षणाचा बहुतेक खर्च आधीच पगारात जातो आणि पहिली गरज शिक्षकाची, हे म्हणणं खोटं नाही. म्हणून हिशोबच करू. साठ मुलांच्या शाळेत दोन स्वयंपाकिणी. आज दहा महिन्यांचे त्यांचे मिळून 50,000 होतात. अंगणवाडी मदतनिसाच्या दराने बारा महिने दिले तर 1,80,000. फरक 1,30,000, म्हणजे मुलामागे वर्षाला 2,167, महिन्याला साधारण 180 रुपये. ही रक्कम क्षुल्लक नाही. पण ज्या सरकारने 2024 मध्ये कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास तरुणाला महिना 6,000 आणि पदवीधराला 10,000 विद्यावेतन दिलं, आणि मुदत संपल्यावर त्यांना घरी पाठवलं, त्या सरकारला ती अशक्य आहे असंही नाही. शिकाऊ उमेदवाराच्या सहा महिन्यांना मोल आहे आणि अनुभवी बाईच्या पंधरा वर्षांना नाही, हा हिशोब पैशाच्या टंचाईतून आलेला नाही.

दुसरा आक्षेप संगणकाचा. सगळं ऑनलाइन झालं, लिपिक कशाला? उलट झालं आहे. शालार्थवर वेतन देयकं, महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या, यू-डायस, सरल आणि आता आधार जुळलेल्या मुलांवर ठरणारी संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या मंजूर पदांची संख्या. आधारमधलं एक अक्षर चुकलं तर मूल मोजलं जात नाही, मूल मोजलं गेलं नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. तिसरा आक्षेप जास्त खरा आहे. कायम पदांवर संस्थाचालकांचे नातेवाईक आले, नेमणुकीसाठी पैसे घेतले गेले, शिपाई अध्यक्षांच्या घरी भाजी आणायला राबला. हे झालं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण भत्त्याने ते थांबत नाही. 5,000 रुपये शाळेच्या हाती देऊन ‘माणूस शोधा’ म्हटलं, की निवड पुन्हा त्याच संस्थेकडे जाते, फक्त आता तिला ना ज्येष्ठतेची यादी आडवी येते ना चौकशीचा नियम. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारात आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. कंत्राटी म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. तो युक्तिवाद हजारो प्रामाणिक माणसांवर अन्याय करतो. पण त्यानंतर आलेले आदेश पाहावेत: सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, आणि लहान मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी. कॅमेऱ्याची सक्ती झाली, ‘महिला कर्मचारी’साठी नवं पद मात्र निघालं नाही. मुलीला स्वच्छतागृहापर्यंत नेणारी बाई कोणत्या वेतनस्तरावर येणार, हा प्रश्न आदेशाच्या बाहेरच राहिला.

छोट्या शाळांचं काय, हाही प्रश्न उरतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. तिथे प्रत्येक ठिकाणी लिपिक नेमणं वेडेपणाचं ठरेल. पण तशी गरजही नाही. ऑक्टोबर 2024 च्या सुमारास सरकारने दिव्यांग मुलांच्या समावेशित शिक्षणासाठी 4,860 विशेष शिक्षकांची पदं मान्य केली, प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक. केंद्र हे एकक तिथे चालतं, तर केंद्राला एक लिपिक आणि दोन-तीन शाळांत मिळून एक पूर्णवेळ परिचर का चालणार नाही? त्यांची ज्येष्ठता जिल्ह्याची ठेवावी, म्हणजे एका शाळेचा पट घटला तरी माणूस दुसरीकडे जाईल, घरी नाही. आहार शिजवणाऱ्या बाईने पाच वर्षं पूर्ण केली की परिचराच्या जागेसाठी तिला आधी विचारावं. दहावी झालेल्या परिचराला लिपिकाची परीक्षा देता यावी. एवढीच शिडी पुष्कळ आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2025 मध्ये आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली आणि उद्या राज्यातही वेतन समिती बसेल. तिच्यापुढे पदं जातील, भत्ते आणि मानधनं जाणार नाहीत. ती पदं निर्माण करायला आयोगाची वाट पाहावी लागत नाही. शालेय शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय पुरतो, जसा 2020 च्या डिसेंबरात उलट दिशेने पुरला होता.