दारूमुळे प्रोस्टेटचा कर्करोग होतो का?

रत्नागिरी : माडी असो वा विदेशी, अल्कोहोल तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच मद्य कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे, स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध आहे.

प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, या यादीत नाही. अतिमद्यपानाने धोका थोडा वाढतो, असे काही अभ्यास सांगतात. पण पुरावे एकसारखे नाहीत. वाढते वय आणि वडील किंवा भावाला झालेला हा आजार, हे मोठे धोके. म्हणून न पिणाऱ्यांनीही गाफील राहू नये.

पन्नाशीनंतर लघवीची धार मंदावली, रात्री वारंवार उठावे लागले, तर ‘वय झाले’ किंवा ‘काल जास्त झाली’ म्हणून सोडू नका. बहुतेकदा ती ग्रंथीची साधी वाढ असते. खात्री मात्र तपासणीनेच होते. डॉक्टरांना विचारून पीएसए रक्तचाचणी करा.