डोंगरावरचा मुक्काम

मंडळी, आषाढीच्या वारीतल्या राहुट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते. माणसे पोचतात तोवर राहुट्या उभ्या असतात. दमलेला वारकरी आत जाऊन पाठ टेकतो.

डोंगरावरच्या मुक्कामाची गोष्ट वेगळी. तिथे गाडी पायथ्यालाच थांबते. पुढे तंबू, अंथरूण, भाकरी, पाणी, सगळे आपल्या पाठीवर.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे. त्याची उंची सुमारे १,४०० मीटर. पाचनई गावातून दोन-तीन तास चढावे लागते. वर हरिश्चंद्रेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. पश्चिमेला कोकणकडा आहे. हा भाग १९८६ साली अभयारण्य झाला. हल्ली गावोगावची पोरे तंबू घेऊन अशा गडांवर जातात. म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

कुणी म्हणेल, ‘आम्ही तर रानातच झोपतो. आम्हाला काय शिकवता?’ खरं आहे. पण आपले रान सपाट आणि ओळखीचे. डोंगर ओळखीचा नसतो.

पहिली गोष्ट ओझ्याची. लागेल तेवढेच घ्यावे. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असली, की वर चूल पेटवावी लागत नाही. पाणी भरपूर असावे. थंडीच्या दिवसांत घोंगडी हवीच. निघण्याआधी मुक्कामाला परवानगी आहे का आणि तंबू कुठे लावायचा, हे वनखात्याला विचारावे. कुठे जातो आणि कधी परततो, हे घरी सांगावे.

दुसरी गोष्ट जागेची. तंबू उजेडीच लावावा. ओढ्याच्या पात्रात लावू नये. वर पाऊस झाला, तर कोरडा ओढाही घटकेत भरून वाहतो. कड्याजवळ नको. रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेच्या भरात चार पावले चुकतो, आणि तिथे चार पावले फार होतात. वाळलेल्या फांदीखाली नको. तंबूचे दार वाऱ्याकडे करू नये. वळवाच्या आणि पावसाच्या दिवसांत तर वर मुक्कामच नको. विजेपुढे तंबूच्या कापडाचा काय आडोसा?

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. थंडी वाजते म्हणून कुणी तंबूत शेगडी घेतात आणि दार बंद करतात. असे कधीही करू नये. कोळसा जळताना एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला तर माणूस उठून बाहेर तरी पळेल. हा वायू दिसतच नाही. डोके जड होते, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच दगावतो. बंद खोलीतही हाच धोका आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. उजेडाला बॅटरी वापरावी. उबेला घोंगडी पुरे.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. शौचाला पाण्यापासून शंभर पावले दूर जावे. वीतभर खड्डा करावा आणि नंतर मातीने बुजवावा. प्लास्टिकची पिशवी, बाटली, जे वर नेले ते खाली आणावे. जंगलात जाळ करू नये. एक ठिणगी सुक्या गवताचा डोंगर जाळते.

कुणी म्हणेल, डोंगरावरच्या घाणीचे आपल्याला काय? तर ऐका. आपली भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. तीच पंढरपुरात चंद्रभागा होते. उजनी धरणात तिचेच पाणी अडवले आहे. डोंगरावर जे टाकावे, ते पावसाबरोबर खाली येते. कुठल्याही डोंगराखाली कुणाचे तरी गाव असते, आणि त्या गावाला तहान असते.

सकाळी तंबू आवरल्यावर एकदा मागे वळून पाहावे. इथे रात्री कुणी होते, हे ओळखू येता कामा नये. असा मुक्काम झाला, तर तो चांगला झाला असे समजावे.