वेदनाशामकांचा बाजार

अफूचे व्यसन म्हटले की काळोखे अड्डे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत गेल्या तीन दशकांत जो अनर्थ घडला, त्याची सुरुवात मात्र दवाखान्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीने झाली. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकोंटिन ही गोळी बाजारात आणली. अफूवर्गातील द्रव्य तीतून सावकाश पाझरते, सबब तिची चटक लागण्याचा संभव कमी, असा प्रचार झाला. अशा औषधांच्या निर्धोकपणाचा पुरावा म्हणून १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र पुढे केले जाई. ते रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यांविषयी होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षरही नव्हते. गोळी चुरडली की सारा अंमल एकदम चढतो, हे नशा करणाऱ्यांना लवकरच उमगले.

या व्यवहाराचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. मालाची निवड डॉक्टर करतो, किंमत बहुतांशी विमा कंपनी भरते आणि सेवन रोगी करतो. मग खपाला आवर घालणार कोण? त्यातच विक्रेत्यांचा बोनस खपावर ठरे. वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यात, जेथे खाणीतील रोजगार आटत होता, तेथे कष्टाने पाठ धरलेली माणसे या मालाची हुकमी गिऱ्हाइके ठरली. मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर घटण्याऐवजी वाढत असल्याचे ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले.

२००७ मध्ये गुन्ह्याची कबुली व सुमारे ६० कोटी डॉलरचा भुर्दंड झाला. धंदा चालूच राहिला. २०१० मध्ये गोळी सहज चुरडता येणार नाही अशी केली गेली, तेव्हा व्यसन जडलेले अनेकजण हेरॉइनकडे वळले. पुढे मॉर्फिनहून ५० ते १०० पट जहाल असे फेंटॅनिल आले. २०२१ या एका वर्षात अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. पैकी सुमारे ८० हजार मृत्यू अफूवर्गीय द्रव्यांशी निगडित होते. पुरवठा आवळण्याआधी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या उपचारांची सोय सर्वत्र करावयास हवी होती. ते झाले नाही.

भारताने यापासून अलिप्त राहण्याचे कारण नाही. टॅपेंटाडॉल मिसळलेल्या भारतीय गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जातात, हे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे उत्पादन व निर्यात बंद करण्यात आली. उलट टोकही येथेच आहे. १९८५ च्या कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की डॉक्टर ते ठेवण्यासच कचरू लागले. २०१४ ची दुरुस्ती होऊनही, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकत असताना, आडगावच्या कर्करोग्याला मॉर्फिन मिळणे दुरापास्तच आहे.